मोगऱ्याखाली

“तसं उभं राहून काय कळणार तुमाला?” बायजाक्का म्हणाली. “खाली बसा. वास पायाशी असतोय.”

मी फुलारी गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला, नाक वर करून उभी होते. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला छापील तक्ता. माझ्या एका बाजूला आमचा शिपाई नरसू, दुसऱ्या बाजूला जीपचा ड्रायव्हर. दोघांचीही नाकं वर. समोरच्या ओट्यावर दोन-चार बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. सरकारनं तीन माणसं पगार देऊन वास घ्यायला पाठवलीत, हे बघून मलाही हसू आलं असतं, पण मी नोकरीत नवी होते आणि नव्या माणसाला हसू परवडत नाही.

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि दुर्गंधीच्या तक्रारींचं टेबल माझ्याकडे होतं. आमच्या कचेरीत वास मोजायचं यंत्र नव्हतं. माणसाचं नाक हेच यंत्र. नियम असा की गल्लीबाहेरची तीन माणसं घ्यायची, चार ठिकाणी तीन-तीन मिनिटं उभी करायची आणि प्रत्येकानं शून्य ते पाच असा आकडा लिहायचा. त्या दिवशी पान नाही, तंबाखू नाही, सुवासिक तेल नाही, सर्दी तर नाहीच. नरसूला तंबाखू सुटायची ती फक्त अशा दिवशी, त्यामुळे तो माझ्यावर कायम खार खाऊन असायचा.

मी खाली बसले. बायजाक्काचं खरं होतं. उभ्यानं तीनचा वाटणारा वास बसल्यावर पाचाच्या पलीकडे गेला.

“आता लिव्हा,” ती म्हणाली.

गल्लीच्या मागे सरसाचा कारखाना होता. हाडं आणि कातड्याचे तुकडे उकळून सरस काढायचे. शहर वाढत वाढत कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकलं होतं. कारखाना आधीचा की गल्ली आधीची, यावर दोन्हीकडचे लोक देवाची शपथ घ्यायचे. या गल्लीत मुलगी द्यायला कुणी तयार नसायचं. दिलीच तर ती चार दिवसांत माहेरी पळायची.

बायजाक्काची सूनही तशीच गेली होती. रत्ना नाव तिचं. सहावा महिना लागला, उलट्या थांबेनात, म्हणून तिचे वडील येऊन घेऊन गेले. जाताना बायजाक्काच्या दारात उभं राहून म्हणाले होते, “वास गेल्याचं सरकारनं कागदावर लिहून द्यावं, मग लेक पाठवतो. तोवर नातवंडाचं तोंड आमच्याकडं येऊन बघा.”

“आता सांगा,” बायजाक्का मला म्हणाली होती, “वासाचा कुठं कागद असतोय व्हय?”

“असतो,” मी म्हणाले. “तोच माझ्याकडे असतो.”

त्या दिवसापासून तिनं मला धरून ठेवलं. मी गल्लीत गेले की चहा तिच्याकडे.

ती पंचावन्न-छपन्नची असेल. गावदेवीच्या देवळात रोजचे हार तिचे. पहाटे उठून मोरीशेजारी ओलं फडकं पसरायची, त्यावर फुलं ओतायची आणि ओवायला बसायची. मी एकदा टोपलीतलं फूल उचलून नाकाशी नेलं तर तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

“हुंगलेलं फूल देवीला चालत न्हाई.”

“मग तुम्हाला कळतं कसं, फूल ताजं की शिळं?”

“जन्मात एक फूल नाकाला लावलं न्हाई, म्हणून तर कळतंय. लांबनंच येतंय ते.”

नाक तिचंच. आमच्या तिघांची नाकं एकत्र केली असती तरी तिच्या निम्मी भरली नसती.

तिच्या दाराच्या आत, खुंटीवर एक पितळी थाळी टांगलेली असायची. तिची हकीगत तिनं मला दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत सांगितली. कारखान्याची सुट्टी सोमवारी. त्या दिवशी पहाटे ते सांडपाण्याच्या टाक्या धुवायचे आणि ते पाणी गल्लीच्या पोटातून जाणाऱ्या गटारात सोडायचे. तेव्हा येणारा वास हाडांचा नसायचा. कुजक्या अंड्याचा असायचा. तो आधी बायजाक्काला यायचा, कारण ती मोरीशेजारी बसलेली. वास आला की ती हातातला हार टाकून थाळी काढायची आणि उलथन्यानं बडवत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. लोक दारं-खिडक्या उघडायचे, पोरंबाळं काखोटीला मारायचे आणि देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. ऊन वर आलं की परत. सोमवारी सकाळी मोरीत कुणी आंघोळीला बसायचं नाही, असा गल्लीचा रिवाजच होता.

“सासूनं मला शिकवलं,” ती म्हणाली. “तिच्या टायमाला एक म्हातारी मोरीत पडली हुती. तवापास्नं.”

मी ते सगळं ऐकून घेतलं आणि तक्त्यात कुठे लिहायचं ते शोधलं. असा रकाना नव्हता. आकडा लिहायचा होता, तो लिहिला.

चार महिन्यांत मी कारखान्यावर आदेश काढला. माझा पहिला आदेश. गल्लीतल्या दुर्गंधीचा आकडा साठ दिवसांत एकच्या खाली आणा, नाहीतर बॉयलर बंद. आमच्या साहेबांनी सही करताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई जोरात आहेत.” मला ते आवडलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ती होणार की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

पन्नासाव्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर उदगावे कचेरीत आले. गोड माणूस. माझ्या टेबलावर त्यांनी दोन छोट्या बाटल्या ठेवल्या.

“टाक्या नव्या बांधायच्या तर दीड वर्ष जाईल, मॅडम. तोवर हे आहे. भिंतीवर नळ्या लावायच्या, चोवीस तास फवारा. आदेशाचं पालन होतंय ना, बघा तुम्ही. मोगरा आणि चंदन, दोन्ही आहेत. कुठला लावू?”

मी साहेबांना विचारायला गेले. म्हटलं, सर, वास झाकला म्हणजे गेला असं होतं का? आणि ते सोमवारचं पाणी?

“आपलं टेबल कशाचं?” साहेबांनी विचारलं.

“दुर्गंधीचं.”

“सुगंध म्हणजे दुर्गंध का?”

“नाही, सर.”

“गटारातल्या पाण्याचं टेबल वेगळं आहे. तुमची फाईल बंद होतेय तर होऊ द्या. नसतं ओढवून घेऊ नका.”

मी परत येऊन खुर्चीत बसले. दोन्ही बाटल्या उघडून बघितल्या. चंदनाची उग्र होती.

“मोगरा लावा,” मी म्हणाले.

फवारा सुरू झाला आणि गल्लीचं रूपच बदललं. बायका ओट्यावर बसून निवडणं-टिपणं करायला लागल्या. एकानं घराला रंग दिला. नरसू मला म्हणाला, “मॅडम, इथं तर लग्नाचा मांडव घातल्यागत वाटतंय.” तिघांनी चार ठिकाणी नाकं वर केली आणि तिघांनीही शून्य लिहिलं. उरली ती मूळ तक्रारदाराची सही. तक्रार बायजाक्काच्या नावावर होती. ‘आता दुर्गंध येत नाही’ या ओळीखाली तिची सही झाली की फाईल बंद.

ती हार ओवत बसली होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला. तिनं तो पाहिला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

“पुसाच्या थंडीत मोगरा कुठनं आला, बाई?”

“कारखान्यानं फवारलाय. आदेशच होता तसा.”

“त्ये कळलं मला. पर मोगरा चैत-वैशाखात येतोय. ह्यो खोटा हाय.” तिनं दोन फुलं ओवली. “आन त्याच्याखाली अंडं हाय अजून.”

“आत्ता येतंय?”

“आत्ता न्हाई. सोमवारी आलं हुतं. आधी लांबनं यायचं, उठून थाळी काढायला सवड मिळायची. आता मोगरा आडवा येतोय. पार मोरीच्या तोंडाशी आल्यावर कळलं मला. गल्लीत कुणालाच न्हाई कळलं. थाळी वाजवली तर म्हणतेत, म्हातारीला भास होतोय, कसला झ्याक वास सुटलाय.”

मला तेव्हाच कागद उचलून परत निघायला हवं होतं. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की सही अडली आहे.

“बायजाक्का,” मी म्हणाले, “कागदावर काय विचारलंय बघा. दुर्गंध येतो का? म्हणजे घाण वास. तुम्हाला बसल्या जागी घाण वास येतो?”

“घाण न्हाई येत.”

“मग झालं. बाकीचं मी वरच्या साहेबांना सांगते. त्याचं टेबल वेगळं आहे.”

तिनं सुई फडक्यात टोचून ठेवली. “ह्या कागदाची एक परत मला मिळंल?”

“कशाला?”

“रत्नाच्या वडलास्नी दावायला. पोरगं दोन महिन्याचं झालं. मल्लूनं एकदाच बघितलंय. रोज कामावरनं येतोय आन मोकळ्या झोळीकडं बघत जेवतोय.”

मल्लू तिचा मुलगा, एकुलता एक; गावातल्या सूतगिरणीत कामाला.

“साधी नाही, शिक्क्याची परत देते,” मी म्हणाले.

तिनं पदराला हात पुसले आणि सही केली. तिला सही येत होती याचा तिला अभिमान होता. सावकाश, एकेक अक्षर काढून केली. मग म्हणाली, “सोमवारचं मी बघीन. मी घरातच असते की.”

वरच्या साहेबांना मी सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं मी बरीच वर्षं स्वतःला म्हणत आले. राहिलं नव्हतं. फाईल बंद केल्यावर लगेच तीच उघडायला सांगणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

पंधरा दिवसांत रत्ना आली. मला मुद्दाम बोलावणं होतं. घरात गेले तर वाशाला लुगड्याची झोळी बांधलेली, तीत बाळ, आणि रत्ना झोळीची दोरी ओढत बसलेली. गोरी, हसरी, नाकात चमकी.

“मॅडम, तुमच्यामुळं आले बघा मी,” ती म्हणाली. “मला तर ह्या वासानं रात्रीची झोप छान लागतीय.”

बायजाक्का चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही.

“सोमवारचं सांगितलंय ना हिला?” मी बायजाक्काला हळूच विचारलं.

“सोमवारी उशिरा न्हा म्हणून सांगितलंय. का, ते न्हाई सांगितलं. सांगितलं तर उद्या परत जाईल.”

त्यानंतरचे सहा सोमवार थाळी न वाजवताच नीट गेले; रत्नाला मोरीत जाऊ द्यायचं नाही, एवढं बायजाक्का बघायची. सातव्या सोमवारी देवीची पालखी होती. मोठा हार लागणार म्हणून बायजाक्का पहाटेच टोपली घेऊन देवळात गेली. तिकडेच उशीर झाला. मल्लू पहिल्या पाळीला गेला होता. घरी पाहुणे यायचे म्हणून रत्ना लवकर उठली आणि मोरीचं दार लावून न्हायला बसली.

मला दुपारी कळलं. जीप गल्लीच्या तोंडाशीच थांबवावी लागली, एवढी माणसं होती. मी आत गेले तेव्हा तिला ओट्यावर आणून ठेवलं होतं. केस ओले होते. मोरीचं दार मोडलेलं होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, बाळ रडायचं थांबेना म्हणून हाका मारल्या, ओ येईना, मग दार मोडलं. बाळ झोळीत होतं, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. वास पायाशी असतो, हे मला बायजाक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सगळ्या गल्लीत मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता. खुंटीवर थाळी जिथल्या तिथं होती.

महिन्याभरानं प्रांताच्या कचेरीत चौकशी झाली; तोवर कारखान्याला टाक्या धुवायला मनाई होती. बाकावर एका बाजूला उदगावे आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला बायजाक्का, मांडीवर बाळ घेतलेला मल्लू आणि रत्नाचे वडील. वडिलांच्या हातात मी शिक्का मारून दिलेली ती परत होती. घडी करून करून मऊ झालेली.

वकिलांचं म्हणणं सरळ होतं. गटारात शंभर ठिकाणचं पाणी येतं. कारखान्याचा काही त्रास असता तर गल्लीनं तक्रार केली असती. तक्रार नव्हती. मूळ तक्रारदाराचीच सही आहे.

प्रांतांनी मला उभं केलं.

“तपासणीत दुर्गंध आढळला होता?”

“नाही, सर. शून्य होता.”

“सही घेताना तक्रारदारानं तोंडी काही सांगितलं होतं?”

मी बायजाक्काकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. ‘अंडं आहे अजून’ हे तीन शब्द मी उच्चारले असते तर उदगावे अडकले असते. मीही अडकले असते, कारण ऐकून मी सही घेतली होती. आणि तिच्या शेजारी बसलेल्या मल्लूला कळलं असतं की मोगऱ्याखालचा वास त्याच्या आईला येत होता आणि तरी तिनं सही केली होती.

“नाही,” मी म्हणाले.

मग तिला उभं केलं. सही तुमचीच का? व्हय. कुणी दबाव आणला? न्हाई. सही केली तेव्हा वास येत होता?

“मोगऱ्याचा येत हुता.”

“दुसरा कसला?”

तिनं मल्लूकडे पाहिलं. मल्लू बाळाच्या तोंडावरची माशी हाकलत होता. रत्नाचे वडील हातातला कागद उलगडून पुन्हा घडी करत होते.

“न्हाई जी,” ती म्हणाली.

कारखाना सुटला. मृत्यू गटारातल्या अज्ञात वायूनं, असा निष्कर्ष निघाला.

बाहेर आवारात ती माझ्याजवळ आली. मल्लू पुढे गेला होता.

“तुमी का गप बसला?” तिनं विचारलं.

“तुमच्यासाठी.”

“माझ्या नावावर खपवू नगा, बाई. मी माझ्यासाठी गप बसले, तुमी तुमच्यासाठी बसला.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “सोमवार परवावर आलाय. थाळी कोण वाजवंल आता?”

“तुम्हीच. दुसऱ्या कुणाला कळतंय?”

“आन मल्लूनं इचारलं, आई, तुला वास येतोय तर आधी का न्हाई बोललीस? तर काय सांगू?”

ती निघून गेली.

त्या सोमवारी पहाटे मी एकटीच रिक्षा करून फुलारी गल्लीत गेले. कुणी पाठवलं नव्हतं. झोप येत नव्हती, एवढंच. गल्लीची दारं बंद होती. मी गटाराशी जाऊन खाली बसले, थेट गुडघे टेकून. मोगरा, मोगरा, आणि मग खाली, अगदी जमिनीलगत, ते आलं. मी उठले. पहिल्या दाराशी गेले आणि हात वर केला. दार वाजवायचं आणि सांगायचं, बाहेर या. मग ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं? शून्य तर तुम्हीच लिहिला होता. हात तसाच वर राहिला. किती वेळ राहिला ते मला सांगवत नाही.

तेवढ्यात थाळी वाजायला लागली.

बायजाक्का दारातून बाहेर आली ती वाजवतच. केस सुटलेले, पायात काही नाही. दारं उघडायला लागली, बायका पोरं घेऊन बाहेर पडायला लागल्या. तिच्यामागे मल्लू आला, बाळाला छातीशी धरून. तो धावत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“आई, तुला वास येतोय?”

ती वाजवत राहिली.

“आई, तुला कळतंय? तवाबी कळत हुतं?”

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून. हात थांबवला नाही. त्याला वळसा घालून पुढच्या दाराकडे गेली. मल्लू तिथंच, गल्लीच्या मधोमध, बाळाला घेऊन उभा राहिला. मग तो देवळाकडे न जाता उलट्या बाजूला, स्टँडच्या रस्त्याला लागला. मी भिंतीला चिकटून उभी होते. तो माझ्यासमोरून गेला, पण त्यानं मला पाहिलं नाही.

तो बाळाला घेऊन सासऱ्याकडे गेला, तो परत आला नाही. कारखाना आणखी नऊ वर्षं चालला आणि बायजाक्का ती नऊ वर्षं दर सोमवारी थाळी वाजवत राहिली, असं मला नरसूनं सांगितलं. फुलारी गल्लीत पुन्हा कुणी मोरीत मेलं नाही. रत्ना गेली त्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं, तक्रारींचा निपटारा वेळेत.

त्या सकाळी पर्समध्ये एक कोरा तक्ता होता. तो मी भरला नाही. मी पुन्हा रिक्षा केली आणि साडेदहाला टेबलावर हजर झाले.